फक्त उतारापुरता

धनेश झुगरेच्या आठही स्कूटरना नंबरप्लेट नव्हती आणि त्यात बेकायदा काहीच नव्हते. बॅटरीवर चालणारी, ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर न जाणारी ती गाडी. तिला नोंदणी लागत नाही, चालवणाऱ्याला लायसन लागत नाही, असे तिच्यासोबत आलेल्या पत्रकावर तीन भाषांत छापलेले होते. त्या तिन्हींत मराठी नव्हती.

धनेशने सहा वर्षे भिवंडीच्या गोदामांत खोकी उचलली होती. दिवाळी झाली की कुडवळणची निम्मी माणसे टेम्पोत बसून भिवंडीला जात आणि होळीला परतत. त्यांत तोही असे. घरपोच माल देणाऱ्या एका कंपनीने आपल्या जुन्या स्कूटर काढल्या, तेव्हा त्याने आठ घेतल्या आणि मोखाड्याहून सूर्यमाळकडे चढणाऱ्या रस्त्यावर, वरच्या फाट्याशी, आपल्या घरासमोर बोर्ड लावला. 'सूर्यमाळ स्कूटर भाडे सेवा. प्रोप्रायटर धनेश झुगरे.' पाऊस ओसरला की नाशिक-मुंबईची माणसे डोंगर बघायला येत. पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या सुषमाबाई होत्या, लशींची पेटी घेऊन हिंडणाऱ्या नर्सबाई होत्या. गिऱ्हाइकांची वाण नव्हती.

बायकोला, रंजनाला, त्याने एकच शब्द दिला होता. "या दिवाळीला मी टेम्पोत बसणार नाय."

"बघू," रंजना म्हणाली होती.

मुलगी प्राजक्ता सातवीत होती. बाप भिवंडीला गेला की मागोमाग आई जाई, आई गेली की पोरगी, आणि परीक्षेच्या दिवशी तिचा बाक रिकामा राही. हे दोनदा झाले होते. त्यामुळे त्या 'बघू'ला वजन होते.

फाट्यापासून दीड किलोमीटर खाली, वळणावर, पत्र्याचा तपासणी नाका होता. एका निवडणुकीसाठी तो तात्पुरता उभारला होता. निवडणूक झाली, निवडून आलेले पुढच्या वेळी पडले, पडलेले निवडून आले. नाका होता तिथेच राहिला. त्यात एक टेबल, एक माठ आणि हवालदार घोलप.

पहिल्याच आठवड्यात घोलपांनी पाच स्कूटर अडवल्या आणि मालकाला बोलावून घेतले.

"पेपर?"

"लागत नाय साहेब. पंचवीसच्या आतली गाडी हाय."

"लागत नाही?"

"नाय."

"मग लागत नाही त्याचा पेपर दाखव."

धनेशने पत्रक दाखवले. घोलपांनी ते तिन्ही भाषांत पाहिले, उलटे करून मागची बाजूही पाहिली. "यावर शिक्का नाही."

घोलप वाईट माणूस नव्हते. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितले नाही. दुसऱ्याचा चहासुद्धा ते घेत नसत. त्यांना फक्त कागद हवा असे. चहा न घेणाऱ्या माणसाची समजूत काढणे फार अवघड जाते.

"आता हे बघ," घोलप म्हणाले. "ही पंचवीसच्या वर जात नाही, असं तूच म्हणतोस."

"जातच नाय साहेब. कंपनीनं लॉक केलाय."

त्याच वेळी वरच्या वळणावरून नाशिकचे एक गृहस्थ स्कूटरवर बसून आले. त्यांचे दोन्ही पाय हवेत होते. ते नाक्यावरून गेले, खालच्या वळणावर वळले आणि दिसेनासे झाले. घोलप आणि धनेश दोघेही वळणाकडे बघत राहिले.

"हे किती होतं?"

"चाळीस असंल."

"आणि लॉक?"

"लॉक मोटरला हाय साहेब, उताराला नाय. त्याची तर गाडी बंद होती."

"बंद गाडी चाळीसनं गेली?"

"बंद होती म्हणूनच गेली."

घोलपांनी माठातले पाणी घेतले, प्यायले आणि विचार केला. मग त्यांनी निर्णय दिला. चढावर गाडी दहाने जाते, सपाटीला पंचवीसने. तिथे कागद लागत नाही, हे त्यांना मान्य होते. पण उतारावर ती चाळीसने जाते, म्हणजे उतारावर ती वाहन झाली. "तू उतारापुरता परवाना आण. चढाला मी तुला कधी विचारणार नाही. शब्द देतो."

धनेश मोखाड्याला गेला. तिथल्या एका कार्यालयातल्या कारकुनाने त्याचे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"परवाना लागतो, त्याचा अर्ज आमच्याकडं आहे," तो म्हणाला. "लागत नाही, त्याचा नमुना छापलेलाच नाही."

"साध्या कागदावर लिवून द्या ना साहेब."

"आज तुला दिला तर उद्या बैलगाडीवाला येईल. परवा शेळीवाला येईल. शेळीलाही लागत नाही."

मग तो एसटीने जव्हारला गेला. तिथे पहिल्या खिडकीवर कळले की हे वाहनच नाही, तेव्हा विषय दुसऱ्या खिडकीचा आहे. दुसऱ्या खिडकीवर कळले की हे वाहन आहे, तेव्हा विषय पहिल्या खिडकीचा आहे. दोन खिडक्यांत चार पावलांचे अंतर होते. धनेशने ते सहा वेळा तोडले आणि साडेचारच्या गाडीने परत आला.

"सभेला का नाय मागत?" भाकरी थापता थापता रंजना म्हणाली.

"ग्रामसभेला? गाडीचा परवाना?"

"बांबूचा देती, मव्हाचा देती. मागल्या साली त्या शूटिंगवाल्यांना नाचायचा दिला. तुझी स्कूटर त्याच्याहून बरी."

कुडवळणच्या ग्रामसभेचे अध्यक्ष मंगळूबाबा. वय सत्तरच्या पुढे. सभेचा गोल शिक्का ते तंबाखूच्या पिशवीत ठेवत, त्यामुळे गावाच्या सगळ्या ठरावांना तंबाखूचा वास येई. सभा समाजमंदिरात भरली. धनेशने एक स्कूटर आत आणून उभी केली. लोकांनी तिच्याभोवती फिरून पाहिले.

"आवाज नाय," ठकीमावशी म्हणाली. "धूर नाय. चारा खात नाय. मंग खाती काय?"

"लाईट खाती मावशी."

"तरी म्हणलं, आमच्या पाड्यावरची लाईट जाती कुठं."

हा आरोप इतिवृत्तात घ्यावा की नाही, यावर वीस मिनिटे गेली. ग्रामसेवक देवानंदने तो घेतला. तो सगळे लिहून घेणारा माणूस होता.

मंगळूबाबांनी मग विषय हातात घेतला. "कवळ्या भाजीचं कसं करतो आपण? पाऊस पडला, भाजी उगवली, म्हणून लगीच कोणी तोंडात घालतो? नाय घालत. आधी देवाला दावायची, गावानं 'हां' म्हणायचं, मंग खायची. नवी चीज हाय. गावानं 'हां' म्हणल्याबिगर कशी चालंल?"

सगळ्यांना हे पटले. घोलपांच्या नियमापेक्षा हा नियम गावाच्या ओळखीचा होता.

"कायमचा द्या बाबा," धनेश म्हणाला.

"कायमचा कसा? भाजीला बी दर साली नव्यानं विचारावं लागतं. एक महिना दिला. मंग पुना ये."

ठराव देवानंदने लिहिला. तो सावध माणूस होता. जेवढे मागितले तेवढेच द्यायचे, जास्त दिले की वर उत्तर द्यावे लागते, हे तो नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकला होता. त्याने लिहिले : 'श्री. धनेश झुगरे यांच्या भाडे सेवेस आठ बिननोंदणी स्कूटर चालवण्यास एक महिन्याकरिता, फक्त उतारापुरता, तात्पुरता परवाना देण्यात येत आहे.' मंगळूबाबांनी शिक्का मारला. नीट उठला नाही म्हणून दुसऱ्यांदा मारला. देवानंदने एक प्रत वरच्या कार्यालयाला 'मार्गदर्शन मिळावे' असे लिहून पाठवून दिली. अशी पत्रे तो महिन्याला तीन तरी पाठवी. उत्तर आल्याचे कुणाला आठवत नव्हते.

परवाना पाहून घोलपांचा चेहरा उजळला. तो त्यांनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला. दुसऱ्या वाचनाला ते एका जागी थांबले.

"फक्त उतारापुरता."

"तुमीच सांगितलं ना साहेब."

"मी सांगितलं ते परवाना नव्हता तेव्हा. आता परवाना आहे, आणि त्यात 'फक्त' आहे. म्हणजे चढाला मनाई."

"चढाला तर लागतच नव्हता!"

"लागत नव्हता. आता मात्र चाललास तर परवान्याच्या अटीचा भंग होतो. आधी तुझ्याकडं मोडायला अट नव्हती."

धनेशने यावर बराच विचार केला. त्यात त्याला चूक सापडेना, आणि तेच त्याला जास्त लागले.

त्या दिवसापासून सूर्यमाळ स्कूटर भाडे सेवा फक्त खाली जाऊ लागली. गिऱ्हाइके फाट्यावरून बसत, नाक्यावर घोलपांना परवान्याची प्रत दाखवत, पाय वर करत आणि ओढ्यावरच्या पुलापर्यंत जात. पुलाशी स्कूटर लावून मागे बघत. मागे पाच किलोमीटरचा चढ असे. सुषमाबाई सकाळी शाळेत नऊ मिनिटांत पोचत आणि संध्याकाळी दीड तासाने घरी येत. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता आठही स्कूटर पुलाशी ओळीने उभ्या होत्या आणि वर फाट्यावर गिऱ्हाइके ओळीने उभी होती.

स्कूटर वर आणायला उमेशची जीप धरावी लागली. उमेश मोखाडा-सूर्यमाळ सीटा भरायचा. स्कूटर आल्यापासून तो धनेशशी बोलत नव्हता. आता तो दिवसातून दोनदा चार स्कूटर टपावर बांधून वर आणू लागला आणि पुलाशी थकून बसलेली गिऱ्हाइके आत भरू लागला.

"धंदा भारी काढलास धना," तो म्हणाला. "असाच चालू दे. काय बदलू नको."

एक फायदा मात्र झाला. गाडी उताराने बंदच जात असल्यामुळे बॅटरी संपत नव्हती. ठकीमावशीच्या पाड्यावरची लाईट तरीही जात होती. तिने पुढच्या सभेत माफी मागण्याचे कबूल केले.

परवान्याची बातमी आठवडे बाजारातून फिरली. मंडप भाड्याने देणाऱ्या एकाची बिननंबरची ट्रॉली होती, लग्नात स्पीकर लावणाऱ्या दुसऱ्याचा चारचाकी गाडा होता, तो नक्की कशापासून बनवला आहे हे त्यालाही सांगता येत नव्हते. दोघेही मंगळूबाबांच्या अंगणात येऊन बसले. "तात्पुरता चालंल," ते म्हणाले. "उताराचा असला तरी चालंल." देवानंदला हे कळले तेव्हा त्याने मार्गदर्शनासाठी दुसरे पत्र पाठवले आणि खाली दोनदा 'तातडीचे' लिहिले.

महिना दिवाळीच्या चौथ्या दिवशी संपला. पाचव्या दिवशी सकाळी घोलपांनी रस्त्यावर नाक्याचा बांबू आडवा टाकला.

"मुदत संपली."

"साहेब, संपली तर संपली. आता परवानाच नाय. म्हंजे आदी होतं तसं. चढाला, सपाटीला लागत नाय."

"आधी तू परवाना नसलेला होतास," घोलप समजावून सांगत म्हणाले. "आता तू मुदत संपलेला आहेस. फार फरक आहे."

नवा परवाना हवा, तर सभा हवी. सभेला ठरावीक माणसे हवीत. ती नसतील तर ठराव होत नाही. चार दिवसांनी देवानंदने समाजमंदिरात माणसे मोजली. एकोणीस भरली. त्यांतली चार लहान मुले होती आणि एक मंडपवाला होता. बाकीचे गाव दोन दिवसांपूर्वी टेम्पोत बसून भिवंडीला गेले होते.

"होळीनंतर ठेवू," देवानंद म्हणाला.

धनेश घरी आला. दाराशी रंजनाने वळकटी बांधून ठेवलेली होती. आत गोधडी, दोन पातेली, त्याचे गोदामातले बूट. प्राजक्ता ओट्यावर बसून भूगोलाच्या वहीत नकाशा काढत होती. तिने विचारले, "बाबा, माझी वही त्याच्यात टाकू का हितंच ठिवू?"

"ठिव हितंच," धनेश म्हणाला. भिवंडीला जायचे नाही म्हणून त्याने धंदा काढला होता, आणि गाव भिवंडीला गेले म्हणून धंदा बंद पडला होता.

संध्याकाळी तो मंगळूबाबांकडे गेला. बाबांनी ऐकले, तंबाखू मळली.

"माणसं किती लागत्यात?"

"देवानंदभाऊ म्हणतो, शंभर तरी."

"भिवंडीला आपली किती हायत?"

"दीडशे असतील."

"मंग सभा तिकडं भरवू," मंगळूबाबा म्हणाले. "माणसं तिकडं. शिक्का माझ्या पिशवीत. देवानंदाला म्हणावं, वही घे."

देवानंदने नियमांचे पुस्तक रात्रीतून दोनदा वाचले. सभा कुठे भरवू नये, याबद्दल त्यात त्याला काही सापडले नाही. भिवंडीचे नाव तर कुठेच नव्हते. तरी त्याने आणखी एक पत्र पाठवून दिले.

धनेशने टेम्पोत न बसण्याचा शब्द दिला होता आणि तो मोडायला तो तयार नव्हता. म्हणून अर्जदारातर्फे रंजना गेली. रविवारी, गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत, कुडवळणची सभा भरली. एकशे बेचाळीस माणसे हजर होती. गावात इतकी माणसे कुठल्याच सभेला आली नव्हती. शेजारच्या गोदामातले परप्रांतीय कामगारही येऊन उभे राहिले.

"क्या मिल रहा है?" एकाने विचारले.

"परमिट," कुडवळणचा सोम्या म्हणाला.

"किसका?"

"ढलान का."

तोही रांगेत उभा राहिला.

रंजनाने ठराव स्वतः सांगितला आणि देवानंदसमोर उभे राहून लिहून घेतला. 'चढ, उतार आणि सपाटी.' 'फक्त' हा शब्द तिने दोनदा खोडायला लावला. एकदा त्याने तो सवयीने पुन्हा लिहिला होता. मुदत मात्र मंगळूबाबांनी वाढवून दिली नाही. "एकच महिना. आता हितं येयाला एसटी सरळ हाय. दर महिन्याला येऊ." भिवंडी त्यांना आवडली होती.

सोमवारी सकाळी धनेश परवाना घेऊन नाक्यावर गेला. रंजना मागे उभी होती. घोलपांनी तो वाचला आणि टेबलाच्या खणातून दुसरा एक कागद काढला.

"हे शनिवारी आलंय. वरून. तुझ्या देवानंदच्या पत्राला उत्तर. एक प्रत नाक्याला."

धनेशने ते वाचले. 'संदर्भीय स्कूटर नोंदणीस पात्र नसल्याने त्यांस चढ, उतार अथवा अन्यत्र कोणत्याही परवान्याची आवश्यकता नाही.' खाली सही होती. सहीखाली शिक्का होता, आणि तो पहिल्याच वेळी नीट उठलेला होता.

परवाना लागत नाही, त्याचा पेपर.

"म्हंजे झालं ना साहेब?" त्याचा आवाज बारीक झाला होता.

"झालं कसं? हा परवाना, आणि हे परवाना नको असल्याचं पत्र. दोन्ही एकदम कसे चालतील? एक काय ते ठेव."

मंगळूबाबांच्या शिक्क्याला तंबाखूचा वास येत होता. एकशे बेचाळीस माणसांनी हात वर केले होते. धनेशने रंजनाकडे पाहिले.

"मुदत कशाला नाय?" तिने विचारले.

"परवान्याला महिना हाय. पत्राला..." धनेशने पत्र पुन्हा वाचले आणि शेवटच्या ओळीवर त्याचा चेहरा पडला. "साहेब, हितं लिवलंय, 'ही व्यवस्था तात्पुरती असून पुढील आदेश होईपर्यंत लागू राहील.' म्हंजे हे बी तात्पुरतंच! पुढचा आदेश कवा येतो? महिना? दोन महिने? आन् तो आला की मी पुना टेम्पोत?"

घोलपांनी चष्मा काढला आणि पुसला. मग त्यांनी त्याच खणातून, तळापासून, एक पिवळी पडलेली घडी काढली आणि टेबलावर उलगडली. त्यात त्यांचे नाव होते, नाक्याचे नाव होते आणि शेवटी तीच ओळ होती.

"मी पण इथं तात्पुरता आलोय," ते म्हणाले. "पुढील आदेश होईपर्यंत. बायको म्हणाली होती, सामान सोडू नका, आठ दिवसांत परत यायचंय."

"मंग?"

"अकरा वर्षं झाली."

घोलपांनी आपला कागद पुन्हा घडी घालून खणात ठेवला आणि बांबू वर केला.

धनेशने पत्र खिशात घातले. परवाना त्याने मंगळूबाबांना परत नेऊन दिला. त्यांनी तो घेतला, पण पुढच्या महिन्याची भिवंडीची सभा रद्द करायला ते तयार झाले नाहीत. उमेश पुन्हा धनेशशी बोलेनासा झाला.

नाक्यावरून रंजना स्कूटरवर मागे बसून घरी आली, चढाने, दहाच्या वेगाने. शेवटच्या वळणावर तिला उतरून ढकलावे लागले. घरी आल्यावर तिने दाराशी बांधून ठेवलेल्या वळकटीची गाठ सोडली, बूट खुंटीला टांगले आणि पातेली चुलीजवळ ठेवली.

"सोडलीस?" धनेश म्हणाला.

"हां," रंजना म्हणाली. "पुढचा आदेश होईपर्यंत."